पहिला शर्ट मकरंदचा

गाणी फुकट वाटायची आणि पोट टी-शर्टांवर भरायचं, हा स्वतःच्या जिवावर गाणाऱ्यांचा धंदा केतकी बंगळुरूत सहा वर्षांत पुरती शिकली होती. बँडचं नाव ‘दोन खुर्च्या’, कारण बँडमध्ये माणसंच दोन. गिटार घेऊन गाणारी केतकी आणि ड्रम वाजवणारा मकरंद. टी-शर्टवर चित्रही तेच, शेजारीशेजारी दोन घडीच्या खुर्च्या.

शर्ट छापायचा यशवंतपूरचा सुनीलकुमार. घरात मराठी, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. त्याने छपाईची नवी जाळी लावली की पहिला छाप हमखास तिरका बसे, आणि तो काही विकता येत नसे. पहिल्या खेपेला तो जाळीला दोष देऊ लागला तेव्हा मकरंद म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं!” आणि तो तिरका शर्ट सरळ अंगात घालून घरी गेला. तेव्हापासून रिवाजच पडला, पहिला शर्ट मकरंदचा. असे पाच झाले. तिसऱ्याच्या सुमारास दोघं एकमेकांचीही झाली होती.

आठ महिन्यांपूर्वी मकरंदने नोकरी धरली, बँड सोडला आणि केतकीलाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं.

या खेपेला सुनीलकुमारने पहिला शर्ट पसरून विचारलं, “अक्का, हा अण्णांचा ना? साईज तोच, डबल एक्सेल?”

“तोच,” केतकी म्हणाली.

खरं सांगायचं तर वेडी मनात मांडे खात होती. रविवारी दुपारी जयनगरच्या एका हॉलमध्ये नव्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम होता, तिचा एकटीचा, आणि तिच्या निरोपाला मकरंदचं उत्तर आलं होतं, “येतो”. तो येईल, आपण शर्टविक्रीच्या टेबलाखालून तो तिरका शर्ट काढून देऊ, तो हसेल, पुढचं आपोआप जमेल. एवढा डोलारा तिनं त्या एका शब्दावर उभा केला होता.

आणि तो आलाही. कार्यक्रम संपल्यावर टेबलाशी गर्दी पांगली तेव्हा पुढे झाला. सोबत एक मुलगी होती.

“ही भव्या,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं.”

केतकीने दोघांचं अभिनंदन केलं. तोंडाला सवय असते.

“छान गायलात, अक्का,” भव्या म्हणाली. मुलगी गोड होती, हीच तर पंचाईत. “शेवटच्या गाण्याला मला स्वल्प रडूच आलं. ह्यांच्याकडे तुमचे पाच शर्ट आहेत, पण सगळे वाकडे छापलेले. दर वेळी ह्यांनाच कसा खराब पीस येतो? म्हटलं, या वेळी मीच नीट बघून घेते.”

म्हणजे त्याने सांगितलंच नव्हतं. केतकी थांबली. ‘खराब नाहीत ते, मुद्दाम घेतलेत,’ एवढं त्याने म्हणायला हवं होतं. तेवढ्यावर ती उरलेलं सगळं सोडून द्यायला तयार होती. मकरंद शर्टावरच्या खुर्च्यांकडे बघत उभा राहिला.

“छापणाऱ्याची चूक,” केतकीच शेवटी म्हणाली. “नवी जाळी असली की होतं तसं.”

भव्याने चार शर्ट उलगडले, शिवणीपासून बोटांनी अंतर मोजलं आणि त्यातला सर्वांत सरळ निवडला. मकरंदने फोन काढून पैसे दिले. सहा वर्षांत पहिल्यांदा. पैसे आल्याचं टेबलावरच्या डबीने खणखणीत आवाजात सांगितलं.

“येतो,” तो म्हणाला.

हॉल रिकामा झाल्यावर केतकीने टेबलाखालचा शर्ट काढला आणि कुडत्यावरूनच घातला. बाह्या कोपराखाली आल्या. तेवढ्यात सुनीलकुमारचा फोन आला.

“अक्का, राहिलेले शर्ट उद्या पाठवतो. अण्णांना बसला का बरोबर?”

“बसला.”

“सरी, ठीक आहे. पुढच्या खेपेलाही पहिला डबल एक्सेलच लावू?”

“नको,” केतकी म्हणाली. “मीडियम लाव.”

“मीडियम? तो कुणाला होणार?”

“मला,” ती म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून रडू लागली.