वापरलेले कपडे, तीन नग

नगरच्या जकात नाक्यावर मी सव्वीस वर्षं काढली. कपड्याच्या बाबतीत या सूर्यभानला कोड्यात टाकील असा माणूस अजून जन्मायचाय, असं मी केडगावात निवृत्तीनंतर सगळ्यांना ऐकवत आलो. मग एके दिवशी मुंबईहून कुरियर कंपनीच्या रेश्मा मॅडमचा फोन आला.

आधी सांगतो काय झालं होतं ते. माझी नात धनश्री तलवारबाजी खेळते. पांढरं जाड जाकीट, जाळीचा मुखवटा आणि हातात बारीकशी लवलवती तलवार. नगरला जिल्ह्याची निवड होती, त्यातल्या पहिल्या दोघी राज्याला जाणार होत्या. धनश्रीचं जाकीट काखेत फाटलेलं, आणि फाटकं तिथे चालत नाही. माझा पुतण्या अंगद जर्मनीत असतो. त्यानं तिच्यासाठी आणि तिच्या दोन मैत्रिणींसाठी तीन नवी जाकिटं घेतली आणि पाठवायच्या आधी मला फोन केला. मी म्हणालो, "लेबलं काप. आतली-बाहेरची समदी. एकदा धुऊन काढ. अन् कागदावर लिही, वापरलेले कपडे, तीन नग. कुनी इचारत न्हाई."

आमच्या नाक्यावर घरच्या वापरलेल्या कपड्यांना जकात नसायची. लग्नाचा बस्ता घेऊन येणारी माणसं नव्याकोऱ्या साड्या चुरगाळून ट्रंकेत कोंबायची. मला कळायचं. पण लेबल दिसलं नाही, की मी ट्रंक बंद करा म्हणायचो. लग्नघराला कशाला छळायचं?

"काका, वापरलेले कपडे परदेशातून आणायला वेगळा परवाना लागतो," रेश्मा मॅडम म्हणाल्या. "आहे का तुमच्याकडे?"

"मंग नवे हायेत म्हना."

"मी काय म्हणू? आहेत का नवे?"

"हायेत की."

"मग धुतलेले कसे? आणि लेबलं का नाहीत?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. त्या बिचाऱ्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, खरेदीचं बिल पाठवा. पण कस्टमला आधी ही वस्तू कुठल्या खान्यात बसवायची ते ठरवायचं आहे. कापड सुयांवर विणलेलं की मागावरचं? सूत की कृत्रिम धागा?

मी अंगदला विचारलं. तो म्हणाला, "काका, पांढरं आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी तयारीत होतो. म्हणालो, "मॅडम, ह्ये कापड न्हाईच. तलवार आडवतं, म्हंजे खेळाचं साहित्य झालं."

"मुखवटा साहित्यात जातो, काका. जाकीट कपड्यातच."

"दोन्ही तलवारच आडवतात ना?"

"हो."

"दोन्ही अंगावरच घालतात ना?"

"हो. तरीपण." त्यांनी कागद उलटल्याचा आवाज आला. "बरं, बायकांचं की पुरुषांचं? समोरून कुठल्या बाजूला मिटतं ते बघतात. ओळखू आलं नाही तर बायकांचं धरायचं, असा नियम आहे."

धनश्री शेजारीच होती. ती म्हणाली, "माझं उजवीकडं मिटतं, त्या दोघींची डावीकडं. मी डावखुरी हाय ना, आजोबा. तलवारीच्या हाताकडं चेन चालत न्हाई."

हे मी फोनवर सांगितलं.

"म्हणजे एकाच पार्सलमध्ये..." रेश्मा मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे सगळं लेबलावर असतं हो, काका."

सव्वीस वर्षं मी गाठोडं हाताने दाबून काय आहे ते सांगायचो. इथे जाकीट काय आहे, कोणाचं आहे, नवं की जुनं, काहीच मला धड सांगता येईना. शेवटी अंगदचं बिल पोचलं, कस्टमच्या साहेबांनी काय ते ठरवलं, आणि निवडीच्या आदल्या संध्याकाळी पार्सल घरात आलं. कुठल्या खान्यात बसवलं ते मी विचारलंच नाही. धनश्रीनं जाकीट घातलं, आरशासमोर दोन पावलं पुढे टाकली. सूनबाई पंकजा म्हणाली, "मामंजींमुळं आलं बरं का." मी मान डोलावली. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

सकाळी मैदानावर तपासणीच्या टेबलाशी एक सर बसले होते. त्यांनी जाकीट उलटं केलं, आतून चाचपलं.

"लेबल कुठंय? हे किती मार सोसतं ते त्यावर असतं. त्याशिवाय पोरीला तलवारीपुढं उभी करता येत नाही."

"नवं हाय, साहेब," मी पुढे झालो.

"कशावरून?"

मी खिशातून बिलाची प्रत काढली.

"बिलातलं जाकीट हेच, कशावरून?"

हा शब्द मी नाक्यावर हजारदा वापरला होता. त्याला उत्तर असतं का, याचा कधी विचार केला नव्हता. धनश्री माझ्याकडे बघत होती. "आजोबा, लेबल तुमी कापाया लावलं?"

"व्हय," मी म्हणालो.

दोघी मैत्रिणींना उसनी जाकिटं लगेच मिळाली. धनश्रीला उजवीकडे मिटणारं हवं होतं. अशी दुसरी डावखुरी एकच, शेवगावची निकिता, आणि ती सकाळच्या पहिल्याच लढतीत हरून घरी निघाली होती. मी धावलो. या वयात कसा धावलो, माहीत नाही. फाटकापाशी ती रिक्षात बसत होती.

"पोरी, तुझं जाकीट दे. तासाभराकरता."

"तुमच्या नातीचं कुठं गेलं?"

खोटं बोलायला वेळ नव्हता. सगळं सांगितलं. तिनं पिशवीतून घामानं ओलं, पिवळट, कोपराला ठिगळ लावलेलं जाकीट काढलं. काखेजवळ लेबल होतं. पुसट, पण वाचता येत होतं. टेबलावरच्या सरांनी एक नजर टाकून ते पास केलं.

निकिता धनश्रीपेक्षा वीतभर उंच. बाही सारखी बोटांवर उतरत होती. तरी पोरगी उपांत्य फेरीपर्यंत गेली, आणि तिथे चौदा-पंधरा अशी एका गुणानं हरली. शेवटच्या वाराला तिनं मूठ सावरायला बाही मागे ओढली, तेवढ्यात समोरचीनं साधलं. मी पाहिलं. तिथून कुठं तोंड लपवावं कळेना.

घरी आल्यावर तिनं निकिताचं जाकीट माझ्या हातात दिलं.

"ह्ये धुऊन परत द्यायचंय, आजोबा. लेबलाला हात लावू नका."

मी बादलीत पाणी घेतलं.