भावाची वीस मिनिटं

उन्हाळ्याच्या पहिल्या शनिवारी शहराबाहेरच्या मैदानावर पॉप संगीताचा एक दिवसाचा महोत्सव भरायचा. सकाळी अकरापासून चौदा बँड, एकामागून एक. हा पसारा वेळेत हाकायचं काम नऊ वर्षं तिच्याकडे होतं. कोण कधी मंचावर चढणार, कधी उतरणार, हे तिच्या शब्दावर. कामगार तिला पाठीमागे 'घड्याळबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्या वर्षी पहिला बँड तिच्या धाकट्या भावाचा होता. तो दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी तिघा मित्रांबरोबर गायचा. निवड समितीने त्याला घेतलं होतं. तिने शब्दही टाकला नव्हता. तरी चार तोंडं बोललीच, "बहीणच मंचावर म्हटल्यावर काय!" तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं, भावाला झुकतं माप म्हणून द्यायचं नाही.

नेमकं अकराला माइकने दगा दिला. तार बदलेपर्यंत सहा मिनिटं गेली. भावाने मंचाच्या कडेला येऊन हळूच विचारलं, "ताई, तेवढं पुढे सरकव ना. शेवटचं गाणं आईवर आहे."

आई समोरच्या कठड्याला धरून उभी होती. लॉन्ड्रीत वीस वर्षं परक्यांचे शर्ट इस्त्री करून दोघांना वाढवलेली बाई. गुडघे कुरकुरत असूनही खुर्ची नको म्हणाली होती.

"तुला एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा? अकरा वीसला आवाज बंद."

"बघू या, घड्याळबाई," तो हसून म्हणाला. बहीण आहे, विरघळेल, असंच त्याला वाटलं असणार.

आईचं गाणं सुरू झालं तेव्हा अकरा अठरा झाले होते. पहिल्या कडव्यात इस्त्रीची वाफ होती, दुसऱ्यांच्या कडक कॉलरी होत्या. आईने तोंडावर हात धरला. अकरा वीस झाले, तशी बहिणीने हेडफोनच्या माइकवरून सूचना दिली.

"अगं, कडवं तरी संपू दे," आवाज सांभाळणारे काका म्हणाले.

"बंद करा."

भावाचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग त्याला कळलं. गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली, कुणी हसलं. त्याने गिटार खाली ठेवली आणि गर्दीला उगाचच हात केला.

दुपारी मोठा गायक आला, ज्याच्या नावावर तिकिटं खपली होती. तो ठरलेल्या वेळेपेक्षा सतरा मिनिटं जास्त गायला. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"चालू द्या," ती म्हणाली. "लोक चिडतील."

बोलली आणि तिची नजर कठड्याकडे गेली. आई आणि भाऊ अजून तिथेच होते. भाऊ गायकाकडे नाही, तिच्याकडे पाहत होता. तो रागावलेला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने आईचा हात धरला आणि दोघं गर्दीतून वाट काढत निघून गेली.

"तू तुझं काम केलंस, बाई," आई नंतर एवढंच म्हणाली. "पण दुसऱ्या कडव्यात काय होतं, ते तो मला सांगतच नाही."

पुढच्या वर्षी समितीशी भांडून तिने संध्याकाळची पाऊण तासाची वेळ मिळवली आणि त्याला फोन केला.

"बँड केव्हाच मोडला, ताई. गिटार पण देऊन टाकली."

"मग ते गाणं? निदान आईला म्हणून दाखव ना."

"आता चालच आठवत नाही गं."

तो खोटं बोलत होता की खरं, तिला कळेना. आवाज मात्र नेहमीसारखाच, मायेचा होता. 'चुकलं रे माझं,' हे शब्द आठवडाभर तिने तोंडात घोळवले होते. ते बाहेर पडलेच नाहीत.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "तू?"