चिखलातला पांढरा ठिपका

खाडीकाठच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर नवी दुर्बीण येऊन जेमतेम आठवडा झाला होता. एकाच डोळ्याने बघायची, आणि उजेड नव्हे तर ऊब टिपणारी. अंधारात दोन किलोमीटरवरचा माणूससुद्धा तिच्यात पांढरा दिसायचा, बाकी सगळं करडं-काळं. पहाऱ्यावरच्या बाईंचं तिच्याशी लगेच जमलं. साहेबांचं मात्र जमेना. काचेतून ऊब दिसत नाही, म्हणून बाई दर खेपेला खिडकी सताड उघडायच्या आणि साहेबांचे दात वाजायचे.

"तुमच्या या खेळण्यापायी मला न्यूमोनिया होणार बघा," ते म्हणायचे.

थंडीचे दिवस. संध्याकाळी सातलाच काळोख पडला होता, वर पातळ धुकं. ओहोटीने उघडा पडलेला चिखलाचा पट्टा पुन्हा पाण्याखाली जायला लागला होता. बाईंनी दुर्बीण डावीकडून उजवीकडे फिरवली आणि एकदम थांबवली. दूरवर एक पांढरी आकृती चालत होती. चालत कसली, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे.

"साहेब, चिखलात माणूस आहे. वाट चुकलाय."

साहेब कुरकुरले, पण होडी लगेच सोडली. होडीवर बाईंचा धाकटा दीर होता. त्याचा विजेरीचा झोत धुक्यात थोड्या अंतरावर विरून जायचा, त्यामुळे त्याचा सगळा भरवसा वॉकी-टॉकीवर.

"वहिनी, आता कुठे?"

"जरा उजवीकडे घे. आता सरळ. हाक मार!"

वीसेक मिनिटांत दिराचा आवाज आला, "सापडल्या! शिंपल्या वेचायला आलेल्या बाई आहेत. पण म्हणतात, थोरल्या जाऊबाई मागे चिखलात रुतल्यात."

"कुठल्या बाजूला?"

"मघाशी डावीकडे म्हणाल्या, आता उजवीकडे म्हणतायत. अंधारात दिशाच राहिली नाही त्यांना."

बाईंनी सगळा पट्टा पिंजून काढला. दुसरी आकृती कुठेच नाही. फक्त होडीच्या बरंच मागे, पाण्याच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "पाखरू आहे हो. माणूस एवढासा असतो का?"

बाईंना क्षणभर तेच खरं वाटलं. होडी चुकीच्या बाजूला धाडली, तर परत फिरेपर्यंत पाणी चढणार. मग त्यांच्या ध्यानात आलं, गार ओल्या चिखलाने माखलेलं अंग ऊब दाखवणार कसं? उघडा असेल तो फक्त चेहरा. आणि भरतीचं पाणी पायाशी आल्यावर पाखरू कशाला बसून राहील?

"पाखरू असतं तर एव्हाना उडालं असतं, साहेब." त्यांनी वॉकी-टॉकी दाबला. "होडी वळव. पाण्याच्या कडेने मागे ये. लवकर!"

साहेब स्वतःच उघड्या खिडकीतून बाहेर वाकून उभे राहिले.

दुर्बिणीत होडीतल्या माणसांचे पांढरे आकार ठिपक्याला भिडले. वॉकी-टॉकीवर नुसती खरखर.

"मिळाल्या!" दीर धापा टाकत होता. "पाणी छातीला लागलं होतं, वहिनी. फळी टाकून ओढल्या."

तासाभराने दोन्ही जावा मनोऱ्याच्या खोलीत घोंगड्या पांघरून बसल्या होत्या. धाकटी रडत होती. थोरली तिच्यावर डाफरत होती, "लवकर निघू म्हटलं तर तुझं आपलं अजून एक पाटी, अजून एक पाटी!" आणि हाताने मात्र तिची पाठ चोळत होती.

मग ती बाईंकडे वळली. "ताई, एवढ्या अंधारात तुम्हाला मी दिसले तरी कशी?"

"तुम्ही कुठे दिसलात? तुमचं तोंड तेवढं दिसलं."

"दिसणारच," धाकटी नाक ओढत म्हणाली, "ते कधी बंद असतं का?"

सगळ्यांत आधी थोरलीच हसली.