भरल्या गाडीचं जू

आमची पिकअप आली त्या पावसाळ्यात तिच्या क्लचच्या दोन प्लेटा जळाल्या. दुसरी जळाल्यावर माझ्या सासऱ्यांनी, मनोहरराव मामाजींनी, चालक धोंडबाला गाडीवरून उतरवायचं ठरवलं.

काटोल रोडवर आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. कलम मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलायचं, गोळा गवतात बांधायचा आणि बागवानाच्या शेतापर्यंत पोचवायचा. वाटेत गोळा तडकला तर बारीक मुळं तुटतात. कलम त्या दिवशी हिरवंच दिसतं, मरतं ते महिन्याभरानं. वीस वर्षं ही ने-आण धोंडबानं बैलगाडीतून केली होती. त्याच्या गाडीतून गेलेली कलमं जगतात, असं काटोलचे बागवान उघड म्हणायचे.

पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा मामाजींनी आम्हा दोघांनाच नागपूरला पाठवलं. मला, कारण मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्यामुळे यंत्रातलं सगळं मला कळतं असा त्यांचा समज होता. धोंडबाला, कारण चालवणार तो. माझे यजमान भिलाईला नोकरीत होते.

दलालाकडे दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. एक पेट्रोलची, तीन गिअरची, क्लच अगदी हलका. दुसरी डिझेलची, चार गिअरची, तिचा क्लच दाबायला मांडीपासून जोर लावावा लागायचा. दलाल पेट्रोलच्या गाडीवर हात ठेवून होता.

"हे लेकराच्या हातची आहे जी," तो म्हणाला. "ते डिझेल म्हंजे रेडा. बुढ्याचा पाय थकून जाईन."

"बुढा कोन?" धोंडबानं विचारलं. तो तेव्हा पंचेचाळिशीचा होता.

मी दलालाला सांगितलं, दोन्ही गाड्या पहिल्या गिअरमध्ये टाका आणि दोन्ही पाय वर घ्या. पेट्रोलची दोन हात जाऊन गचका देऊन बंद पडली. डिझेलची मात्र थरथरत, कोणी काही न करता, माणसाच्या चालीनं आवारभर चालत राहिली. हळू फिरतानाही डिझेल इंजिनाच्या ओढीत जोर असतो, आणि हिचा पहिला गिअर फारच खालचा होता. धोंडबा फळीवर हात ठेवून तिच्याबरोबर भिंतीपर्यंत चालत गेला.

"ते दुसरी पळते, सुनबाई," परत येऊन तो म्हणाला. "हे चालते."

वाफ्यांमधल्या ओल्या वाटेवरून गोळे आणायला चालणारीच गाडी हवी होती. आम्ही डिझेलची घेतली.

गिअर मी त्याला पाटीवर काढून शिकवले. दोन तबकड्या एकमेकींवर दाबल्या की इंजिनाची ताकद चाकांना जाते, पायानं त्या वेगळ्या केल्या की जात नाही, अर्धवट ठेवल्या की घासतात. त्यानं ऐकून घेतलं, पण शिकला तो कानानं. पहिल्या गिअरला दात जुळवून घ्यायची सोय नव्हती, इंजिनाचा सूर उतरेपर्यंत थांबावं लागायचं. धोंडबा मान किंचित कलती करायचा, ऐकायचा आणि मग दांडा सरकवायचा. दोन महिन्यांत त्याला परवाना मिळाला. त्याच्या हातून गिअर करकरलेला मी एकदाही ऐकला नाही.

जुलैत पहिली प्लेट जळाली. नागपूरहून मिस्त्री आला, नवी प्लेट टाकून धोंडबाच्या शेजारी बसला आणि कळमेश्वरपर्यंत जाऊन आला.

"ड्रायव्हरची काही गलती नाही," तो म्हणाला. "प्लेटच खराब आली असन."

ऑगस्टमध्ये दुसरी गेली. या खेपेला उचललेली चारशे कलमं तीन दिवस शेडमध्ये पडून राहिली. भर लावणीच्या दिवसांत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. मामाजी शेडमध्ये जाऊन एकेका कलमाचं पान दुमडून बघत होते.

"तुमीच दोघाइनं निवडली हे गाडी," ते मला म्हणाले. मग धोंडबाकडे वळले. "सोमवारपासून आनंदराव येईन. तू वाफ्यावर राह्य गा."

"होय मालक," धोंडबा म्हणाला.

आनंदराव नागपूरला इतवारीत टेम्पो चालवायचा. जुलैत आमची गाडी बंद होती तेव्हा मामाजींनी त्याच्या टेम्पोतून एक फेरी सावनेरला पाठवून पाहिली होती. अडीचशेतले एकेचाळीस गोळे तडकले होते. हे मामाजींनाही ठाऊक होतं. पण तडकलेला गोळा महिन्यानं रडवतो, जळकी प्लेट त्याच दिवशी.

धोंडबाची बायको अंजनाबाई आमच्याकडेच गोळे बांधायची. त्या संध्याकाळी हात धुता धुता ती मला म्हणाली, "वाफ्यावर काम आहेच जी, उपाशी नाही मरत आमी. पन वीस वर्सं ज्याच्या गाडीची वाट पाह्यत बागवान वावराच्या धुऱ्यावर उभे राहे, त्यानं आता खुरपं घेऊन बसाचं. तोंडानं काही बोलत नाही. डावी पोटरी दाबत बसते नुसता."

"पोटरी? कधीपासून?"

"झाला महिना दीड महिना. तेल लावून देतो मी. मी इचारलं काहून दुखते, तं म्हणते, वयच झालं."

मी वहीत तारखा मांडल्या. मे आणि जूनमध्ये गाडी जवळजवळ रोज बाहेर गेली होती, पण मजूर आणायला, किरकोळ सामान आणायला, म्हणजे रिकामीच. क्लचला काही झालं नव्हतं, पायालाही नाही. कलमं जायला लागली जुलैत. पाय आणि प्लेट दोन्ही तेव्हापासून बिघडत होते. मिस्त्री बसून गेला होता तो रिकाम्या गाडीत. म्हणजे भरलेल्या गाडीत हा माणूस काहीतरी वेगळं करत होता, आणि ते आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

नवी प्लेट शनिवारी बसली. रविवारी काटोलला तीनशे कलमं जायची होती. मामाजींना म्हटलं, आनंदराव उद्या येणार, आजची फेरी धोंडबाजींना करू द्या, मी बरोबर जाते.  ते नको म्हणाले नाहीत, एवढंच मी धरलं.

मी शेजारी बसले आणि त्याच्या डाव्या पायाकडे लक्ष ठेवलं. गिअर बदलताना पाय दाबत होता, उचलत होता, पूर्ण बाजूला ठेवत होता. फेटरी गावापर्यंत मला एकही चूक सापडली नाही.

कळमेश्वरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. रूळ उंचावर असल्यानं फाटकाआधी रस्ता चढतो. त्या चढावर धोंडबा थांबला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच. डावा पाय क्लचवर अर्धा, उजवा ॲक्सिलरेटरवर जरासा, आणि गाडी पुढे जात नव्हती, मागे येत नव्हती. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली. त्याची पोटरी धोतराखाली थरथरत होती. पायाखालून करपल्याचा हलका वास यायला लागला.

"धोंडबाजी, न्यूट्रल करा ना."

"भरली आहे, सुनबाई."

"मग?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर उन्हात कलम लावा म्हटलं होतं. "भरल्या गाडीचं जू कोनी चढावर सोडते काय? उलाळली तं?"

तो बैलगाडीबद्दल बोलत होता. भरली बैलगाडी चढावर असताना बैल सोडले, तर मागचा भार खाली बसतो आणि जू हवेत उडतं.

"माह्या काकाची उलाळली होती," तो समोर पाहतच म्हणाला. "काटोलच्या बजाराच्या चढावर. जू हनुवटीखाली लागलं. मंग जलमभर पेजेवर राह्यला बिचारा. रिकामी असली तं मी करतो न्यूट्रल. भरली नाही सोडत कधी."

मी सांगायला लागले, की बैलगाडीला दोनच चाकं, हिला चार, भार चारांच्या मधे पडतो, ही मागे कलंडूच शकत नाही. तो "हो, हो" म्हणत ऐकत होता. पाय तसाच होता. पाटीवर काढून दाखवलेलं सगळं त्यानं असंच ऐकलं असणार.

मी खाली उतरले. रस्त्याच्या कडेला खडीचे मोठे दगड होते. दोन आणले आणि मागच्या दोन्ही चाकांना लावले. पदर चिखलात गेला. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून पाहत होता.

"काय जी बाई, घर बांधून राहिल्या काय?"

मी पुढे येऊन धोंडबाच्या खिडकीशी उभी राहिले. "हँडब्रेक ओढा. आता दांडा मधे आणा. आणि पाय हळूहळू सोडा."

त्यानं ब्रेक ओढला, दांडा मधे आणला, पाय उचलला. गाडी बोटभर मागे सरकली आणि दगडांना टेकली. त्यानं झटक्यात क्लच पुन्हा दाबला. 

"टेकली फक्त. पुन्हा करा."

दुसऱ्यांदा त्यानं पाय सोडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. इंजिनाचा ओढलेला आवाज उतरून मोकळा झाला. धोंडबानं मान कलती करून तो ऐकला. मग दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून पाय पेडलवरून खाली ठेवला. हातांनी धरल्याशिवाय तो पाय हलत नव्हता.

जरा वेळानं तो उतरला, लंगडत मागे गेला. फळीला हात लावला, आत गोळ्यांच्या रांगा पाहिल्या, वाकून दगड पाहिले.

"काय गा," ट्रकवाला ओरडला, "पूजा करून राहिला काय गाडीची?"

"पाहून राहिलो."

"काय?"

"उलाळते का ते."

ट्रकवाला इतका हसला की खोकला आला. "अबे, डिझेल गाडी उलाळते काय बावा कधी!"

"तुले माहीत होतं तं आधी काहून नाही सांगितलं?" धोंडबा म्हणाला.

कोळशाची मालगाडी गेली, फाटक उघडलं. मी दगड काढले. तो पहिल्या गिअरमध्ये निघाला, गचका न देता. पुढचा गिअर टाकून त्यानं काटोलची वाट धरली. मग म्हणाला, "म्हंजे दोन्ही पलेटा म्याच खाल्ल्या."

"मी शिकवलं तुम्हाला. उभं कसं राहायचं, हे सांगायचंच राहिलं माझ्याकडून."

"तुम्हाले कसं सुचन, सुनबाई? तुम्ही कुठं बैलं जुंपले?"

काटोलला तीनशेतले दोन गोळे तडकलेले निघाले. बागवानानं ती दोन वेगळी काढली, पण बदली कलमं मागितली नाहीत. "धोंडबाच्या गाडीतले बाकीचे जगतेच," तो म्हणाला.

दुपारी परतलो तेव्हा मामाजी नर्सरीच्या दाराशीच उभे होते. मी बोलायच्या आत धोंडबा त्यांच्यासमोर गेला. रेल्वेच्या फाटकावर काय व्हायचं, आज काय झालं, सगळं त्यानं सांगितलं, काकाचं सोडून. ते मामाजींना माहीत होतं. "चूक माही आहे मालक," त्यानं शेवटी म्हटलं. "मिस्त्रीची नाही, गाडीची नाही."

 तरुणपणी मामाजींनी स्वतः इतवारीच्या बाजारात बैलगाड्या नेल्या होत्या.

"तू भरली गाडी सोडली? चढावर?"

"सोडली."

"आन् उभी राह्यली?"

"राह्यली मालक. चाकाले दगड लावले होते."

मामाजींनी गाडीला एक फेरी मारली. मागच्या फळीशी थांबून ती हातानं खाली दाबून पाहिली, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की त्या फाटकावर ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

"दगड फाटकावर दरवेळी कुठं भेटते?" ते म्हणाले. "सुताराकडून दोन ठोकळे करून घे, चांगल्या बाभळीचे. गाडीतच ठेवत जा. आनंदरावले मी निरोप धाडतो."

"होय मालक."

"आन् आज पाय शेकून घे. उद्या सावनेरची फेरी आहे."

धोंडबा किल्ली हातात घेऊन अजून उभाच होता. शेडमधून अंजनाबाईचा आवाज आला. "बैल लंगडला तं दोन कोस जाऊन वैदू आनते हा मानूस. सवताचा पाय गेला तं म्हणे, वय झालं! ये इकडं, बस."

तो गेला आणि बसला.