सगळ्या वायरी हिरव्या

तांबडी विकायची का, असं बाबांनी फोनवर विचारलं तेव्हा सानवी पुण्यात प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. आत प्रॅक्टिकल सुरू व्हायचं होतं. ‘विका’ म्हणाली आणि फोन ठेवला. त्यामुळे आता कुणावर रागवायची सोय नव्हती. गाडी जुनी, फणसाखाली उभी राहून गंजायला लागलेली, चालवायला घरात कुणी नाही. विकणं बरोबरच होतं.

फक्त ती शेजारच्या इकराने घेतली. एम. एस्सी. करून सानवी रत्नागिरीला परत आली, तेव्हापासून तांबडी तिला रोज दिसत होती.

दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता. पलीकडे इकराच्या घरापुढचं खळं, आणि खळ्यात गाडी. इकरा शाळेत सानवीच्या एक वर्ष पुढे होती, आता औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. शाळेत असताना तिला स्कूटरची हवा तपासता येत नव्हती. गाडीचं काम ती व्हिडिओ बघून शिकली, आणि सानवी ज्या चॅनेलवरून शिकली त्याच चॅनेलवरून. हे सानवीला जास्त लागलं. इकराने स्वतःचं काहीतरी वेगळं शोधायला हवं होतं.

खाऱ्या वाऱ्याने दारांच्या खालच्या कडा खाल्ल्या होत्या. इकराने तो पत्रा घासला, प्रायमर मारला, वर रंग दिला. नव्या-जुन्या रंगाचा जोड कुठे आहे ते सानवीने दोनदा गडग्याला टेकून शोधलं आणि तिला सापडलं नाही. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून पारदर्शक केल्या. सीटना नवी कव्हरं, गडग्यावरून जरा भडकच दिसणारी. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. इकराचे अब्बा, इद्रीसचाचा, जहाजावरून निवृत्त झालेले, पडवीत खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, “माझ्या पोरीने केलं. मेकॅनिकचा हात नाही लागला.”

“बघितलंस काय गो?” एकदा बाबाही म्हणाले. “नवी वाटते गाडी.”

“रंग लावला की काहीही नवं वाटतं, बाबा.”

“मग तू का नाही लावलास?”

तिनेही गाडीवर कॉलेजची तीन वर्षं काम केलं होतं, पण ते सगळं डॅशबोर्डच्या मागे होतं. हेडलाइट मंद पडायचे म्हणून त्यांना थेट बॅटरीवरून स्वतंत्र जोडणी दिली होती. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला वेगळा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला होता. चोरी होऊ नये म्हणून एक लपवलेलं बटण होतं, जे दाबल्याशिवाय पंप चालत नसे; गाडी देताना बाबांनी ते इकराला दाखवलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उरलेलं वायरचं एक रीळ सरांनी तिला दिलं होतं, ते हिरवं होतं. म्हणून तिने टाकलेल्या सगळ्या वायरी हिरव्या. कुठली कशाची, हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि तेव्हा त्यात तिला काही अडचण वाटली नव्हती.

गणपतीनंतर तांबडी बंद पडायला लागली.

सानवीने ते आधी ऐकलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, खड्ड्यातून गेली आणि इंजिनाचा आवाज एकदम तुटला. धडपडून नाही, कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा. मग थोड्या वेळाने परत सुरू. सानवीला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर वाईटही वाटलं, पण तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी इकरा गडग्यापाशी आली. कोपरापर्यंत काळे हात.

“सानवी, जरा विचारायचं होतं. तांबडी चालता चालता बंद पडते. फिल्टर बदलला, रिले नवीन टाकला. पंपाचा आवाजच येत नाही बंद पडल्यावर. तुझ्या वेळी व्हायचं असं?”

झालं होतं. एकदा, आरे-वारेच्या चढावर. पंपाच्या रिलेची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली होती, ड्रायव्हरच्या उजव्या पायापाशी, प्लास्टिकच्या झाकणामागे. गाडीचा पत्रा हाच बॅटरीकडे परतीचा रस्ता असतो. त्या स्क्रूखाली ओल गेली, गंजाचा थर जमला आणि गाडीला हिसका बसला की जोड सुटायचा. तिने पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळला आणि गाडी चालू झाली. आत्ताही तेच असणार. लक्षणं ऐकता ऐकताच तिने ते मनात नक्की केलं होतं.

“नाही गो,” ती म्हणाली. “मला नाही आठवत.”

“आणि त्या हिरव्या वायरी? कुठली कुठे जाते?”

“तीन वर्षं झाली, इकरा. कसं आठवेल?”

इकरा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बघते मी. रविवारी ग्रुपबरोबर गुहागरला जायचंय. फेरीबोटीत चढताना बंद पडली तर सगळ्यांसमोर शोभा.”

हा जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांचा ग्रुप. सानवी त्यात होती. गाडी विकल्यावर ती आपण होऊन बाहेर पडली, कारण गाडी नसलेल्या माणसाने तिथे काय बोलायचं. तिच्या जागी आता इकरा होती. तिथे तांबडीचे फोटो पडत असतील, आणि लोक खाली शाबासकीचे अंगठे टाकत असतील.

पुढचे दोन-तीन दिवस इकरा दुकानातून आली की गाडीत शिरायची. डॅशबोर्ड सुटा झाला. सानवी पडवीत पुस्तक घेऊन बसायची आणि वाचायची नाही. इकराने चिकटपट्टीचे तुकडे कापून प्रत्येक हिरव्या वायरीवर पेनाने नाव घालायला घेतलं, आणि अर्ध्यांवर प्रश्नचिन्हं. तिच्या हातात मल्टिमीटर होता. ती स्क्रूपर्यंतसुद्धा पोचली. सानवी उठून उभी राहिली. इकराने मीटरची एक सुई बॅटरीवर ठेवली, दुसरी त्या वायरीच्या टोकाला लावली, आकडा बघितला आणि मान हलवून पुढे गेली.

उभ्या गाडीत, काहीच चालू नसताना मोजलं तर मीटर सगळं ठीकच सांगणार. इंजिन चालू करून, दिवे लावून, वायर हलवत मोजायला हवं होतं. सानवीच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. ती परत बसली.

“काय गो, नुसतं बघतेस?” इद्रीसचाचांनी पलीकडून हाक मारली. “तू एवढी शिकलीस पुण्याला. आमच्या पोरीला मदत कर जरा.”

“चाचा, मी फिजिक्स शिकले. तिथे गाड्या नव्हत्या.”

“मग होतं काय तिथे?”

“गणितं.”

“हां,” चाचा म्हणाले. “म्हणजे मदत नाहीच.”

आतून इकरा हसली. सानवीलाही हसू आलं आणि ते तिने आवरलं. आपल्याला नेमकं काय हवंय, याचा ती संध्याकाळी भांडी विसळताना विचार करत होती. गाडी परत नको होती. तिला गाडी बिघडायलाही नको होती, खरं म्हणजे. तांबडीला अजून आपली गरज लागते, हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. आणि म्हणणारी इकरा असायला हवी होती.

शुक्रवारी खळ्यात एक खोका आला. इद्रीसचाचा तो उघडून बघत होते.

“काय आहे, चाचा?”

“वायरिंग. पूर्ण. कोल्हापूरच्या माणसाकडून बनवून घेतलं. इकराचं डोकं फिरलंय, ती सगळं जुनं काढून टाकणार.”

“सगळं?”

इकरा गाडीतून डोकावली. तिच्या हातात कटर होता. “सगळं हिरवं. मला वाचताच येत नाही ते. कुठे सुरू, कुठे संपतं, काही पत्ता नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर लावायलाही मला एवढा वेळ लागत नाही.”

खोक्यात रंगीत वायरी नीट बांधलेल्या होत्या. लाल, काळी, पिवळी, निळी, प्रत्येकीच्या टोकाला छापलेली पट्टी. सानवीला ते चांगलं काम आहे हे कळत होतं. आणि हेही कळत होतं, की पत्र्यावरचा रंग इकराचा, दिवे इकराचे, सीट इकराच्या. हिरव्या वायरी गेल्या की त्या गाडीत सानवीचं असं काहीच उरत नाही.

ती गडग्यावर चढून पलीकडे गेली. फाटकाने जायचं तिला सुचलंच नाही.

“कापू नको. थांब.”

“का?”

“पॉलिश पेपर आहे?”

इकराने पुढे केला. सानवी ड्रायव्हरच्या सीटसमोर उकिडवी बसली, उजवीकडचं झाकण ओढून काढलं, स्क्रू सैल केला. खाली तांबूस पीठ होतं. तिने वायरीचं टोक घासलं, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला आणि वरून थोडं ग्रीस लावलं.

“आता चालू कर. दिवे लाव, आणि मी वायर हलवते.”

इंजिन चालू झालं. सानवीने वायर हलवली, ओढली, झाकणावर मूठ आपटली. पंप एकसारखा गुणगुणत राहिला. इद्रीसचाचा खुर्चीतून उठून आले होते.

“झालं?” ते म्हणाले. “एवढंच होतं?”

“एवढंच,” सानवी म्हणाली. इकरा काय म्हणते याची ती वाट बघत होती.

इकराने इंजिन बंद केलं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली.

“तू सरळ तिथेच हात घातलास.”

सानवीने झाकण परत बसवलं.

“झाकणसुद्धा शोधावं नाही लागलं तुला. मी विचारलं त्या दिवशीच तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग?”

“मला वाटलं, शोधशील तू.”

“खोटं नको बोलू गो.”

“बरं,” सानवी म्हणाली. “मला वाटलं, तुला नाही सापडणार.”

इद्रीसचाचांनी दोघींकडे पाहिलं, चहाचं बघतो म्हणाले आणि घरात गेले. इकराने कटर उचलला, बोटांत फिरवला.

“तुझ्याबद्दल मला काय वाटायचं माहितीये? तू ही गाडी घेऊन फिरायचीस. तेव्हा तू अकरावीत, मी बारावीत. तुझे बाबा शेजारी, आणि चालवायला तू. मी बसस्टॉपवर उभी राहून बघायचे. तेव्हा ठरवलं होतं, मिळाली तर हीच घेईन. दुसरी नको.”

सानवीला हे माहीत नव्हतं. ऐकून तिला आनंद झाला, आणि तो फार चांगल्या जातीचा आनंद नव्हता.

“मग हे वायरिंग ठेव,” ती म्हणाली. “मी लिहून देते कुठली कशाची. आता बंद पडणार नाही.”

“पडेल. खारा वारा आहे, परत ओल जाईल. आणि मग मी काय करू? गडग्यापाशी येऊन हाका मारू?”

सानवीला नेमकं तेच हवं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण इकराने मान हलवली, पण रागाने नाही.

“रविवार होऊ दे. सोमवारी सगळं काढणार मी. तू ये हवं तर, दाखव कुठली कुठे जाते. पण काढणार.”

“ठीक आहे.”

“खरंच ठीक आहे?”

“नाही. पण गाडी तुझी आहे.”

हे मोठ्याने म्हणायची सानवीची पहिली वेळ होती. इकराने कटर खोक्यात टाकला आणि हात फडक्याला पुसले.

“गुहागरला येतेस? पण मागे बसावं लागेल. अब्बा पुढे बसतात, त्यांचे गुडघे दुमडत नाहीत.”

सानवीने मागच्या सीटकडे पाहिलं. नव्या कव्हरांवर बारीक निळी नक्षी होती. जवळून ती तेवढी भडक नव्हती.

“मागची काच खाली होते का?”

“म्हणजे काय? तुझ्या वेळी होत नव्हती?”

“मला काय माहीत,” सानवी म्हणाली. “मी कधी मागे बसलेच नाही.”