टिटवी कुठे बसली?

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. घाबरू नका, जुनी असले तरी रडगाणे गाणार नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. स्वस्थ बसणे माझ्या नशिबातच नाही. गळ्यात अडकवले की हिंदकळायचे, डोळ्यांना लावले की भिरभिरायचे आणि खाली ठेवले की तळमळायचे, असा माझा जन्म आहे.

एका लांबलचक कारखान्यात मी तयार झाले. तिथे काच घासणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असत. भिंग घासायचे, धुवायचे, उजेडात धरायचे, नाक मुरडायचे आणि पुन्हा घासायला घ्यायचे. अंगात भिंगे बसली, वर काळे कातडे चढले, आणि एका तपासनिसाने मला डोळ्यांना लावून खिडकीतून दूरच्या धुराड्याच्या विटा पाहिल्या. "चालेल," तो म्हणाला आणि पुढची दुर्बीण उचलली. माझे पहिले कौतुक ते एवढेच.

पुढे दुकानदाराने मला फळीवर ठेवले, तेही भिंतीकडे तोंड करून. लांबचे बघण्यासाठी जन्मलेली मी, आणि समोर काय, तर एक गंजका खिळा! त्या खिळ्यावरचा एकेक चरा मला पाठ झाला. जीव अगदी मेटाकुटीला आला होता, तेवढ्यात एक दिवस ताई दुकानात आल्या.

ताई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दुकानदाराने विचारले, "कशासाठी हवी दुर्बीण?" त्या म्हणाल्या, "आठवडाभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसते हो. सुट्टीच्या दिवशी तरी काहीतरी लांबचं बघू दे मला." मी मनात म्हटले, बाई, तुमचे आणि माझे जमणार.

आणि जमलेच! दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेर पडू लागलो. आधी ताई एकट्याच असत. मग त्यांच्या कामावरच्या दोघी आल्या, त्यांचे शेजारी आले, दातांचे डॉक्टर आले, आणि बघता बघता पक्षी बघणाऱ्यांची एक टोळीच जमली. वसंत आला की या मंडळींना घरात करमत नसे. शेताच्या कडेने चालावे, मध्येच थबकावे, माना वर कराव्यात. चंडोल गात गात सरळ आभाळात चढायचा आणि मला त्याच्यामागे धावताना धाप लागायची. ओढ्यातल्या दगडावर धोबी पक्षी शेपटी हलवत असायचा. ताई मला हातोहात सगळ्यांकडे फिरवत. पहिल्यांदाच बघणारा माणूस "अगं बाई!" नाहीतर "अरे बापरे!" म्हणायचा आणि मी आतल्या आत फुगायची.

या सगळ्यांना आपल्या मोठ्या गाडीतून घेऊन यायचे भाऊजी. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. टोळीतल्या सगळ्यांच्या त्या ताई, म्हणून हे सगळ्यांचे भाऊजी. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. पायाला जणू चाके लागलेली. पक्ष्यांचे त्यांना काडीचे प्रेम नव्हते. आम्ही बघत असू, तोवर ते गाडीपाशी येरझाऱ्या घालत, चाकांना लाथा मारून हवा बघत, स्वच्छ काच पुन्हा पुसत. एकदा कंटाळून त्यांनी भोंगा वाजवला आणि ताई ज्याची केव्हाची वाट बघत होत्या, तो खंड्या उडून गेला.

"अहो, तुम्हाला क्षणभर गप्प बसवत नाही का?"

"दुसरा येईल की! बस चुकली तर दुसरी येते."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर ताई मागच्या आसनावर जाऊन बसल्या.

अशी कितीतरी वर्षे गेली. ताई निवृत्त झाल्या. माझा पट्टा तुटला, नवा आला. मग एका हिवाळ्यात काहीतरी चुकायला लागले. ताई मला डोळ्यांना लावत, माझे मधले चाक फिरवत आणि मग फिरवतच राहत. पुढे, मागे, पुन्हा पुढे. पक्षी समोरच्या फांदीवर असायचा, माझ्या भिंगांत लख्ख उतरलेला असायचा, आणि तरी ताईंची बोटे थांबत नसत. मी काय करणार? माझ्याकडे होते ते सगळे मी देत होते.

"दुर्बीण बिघडली आहे," असे ठरवून त्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुरुस्ती करणाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही, ताई. एकदा डोळे दाखवून घ्या."

"डोळे ठीक आहेत माझे," ताई तुटकपणे म्हणाल्या. आणि त्यांनी मला पिशवीत कोंबले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या. मी त्याच पिशवीत होते, म्हणून मला कळले. नजरेचा मधला भाग विझत चालला होता. कडेचे दिसायचे, पण नेमके जे बघायचे त्याच्यावरच करडा डाग. चष्म्याने भागण्यासारखे नव्हते. घरी आल्यावर भाऊजींनी विचारले, "कुठे गेली होतीस?" ताई म्हणाल्या, "भाजी बघायला. चांगली नव्हती."

मग सुरू झाली लपवाछपवी. ताईंचा कान तयार होता. आवाज ऐकून त्या मला डोळ्यांना लावायच्या आणि नाव सांगायच्या. टोळीला वाटायचे, काय ही नजर! फक्त मला ठाऊक होते की त्या बघत नाहीत. ते ओझे गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा जड होते. कधी उघडे पडेल या धास्तीने मी रविवार उजाडला की अस्वस्थ व्हायची, आणि ताई तर उजाडायच्या आधीपासूनच.

त्या वसंतात आम्ही तळ्याकाठी गेलो. पाणी हटले होते आणि काठाला दगडगोट्यांचे मोठे रान उघडे पडले होते. पलीकडे पाण्यात बदके होती. दातांच्या डॉक्टरांनी नवा भलामोठा कॅमेरा आणला होता. ते सरळ गोट्यांतून निघाले, त्यांच्यामागे बाकीचे. इतक्यात एक टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली. एकदा वर, एकदा खाली, नुसता आकांत.

"थांबा!" ताई म्हणाल्या. "तिची अंडी आहेत इथे. पुढे जाऊ नका."

"कुठे आहेत?" डॉक्टर वळले.

ताईंनी मला डोळ्यांना लावले, चाक फिरवले, आणि हात लांब करून म्हणाल्या, "ती काय, तिथे. दुसरी टिटवी बसली आहे बघा."

डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून पाहिले. कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. "ताई, ते पोतं आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "फाटकं पोतं. दमलात का आज? तुम्ही बसा सावलीत, आम्ही जपून जातो." आणि त्यांनी पुढे पाऊल टाकले.

मित्रांनो, तेव्हा मी ताईंच्या छातीवर आपटले ते मला आठवते, कारण त्यांनी मला एकदम सोडून दिले होते. "पोतं असेल!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मला दिसत नाही, डॉक्टर. पुष्कळ दिवसांपासून समोरचं दिसत नाही. पण ऐकू येतंय ना! ही काय उगाच ओरडते आहे? एक पाऊल पुढे टाकू नका कोणी."

सगळे जागच्या जागी खिळले. आणि मागे भाऊजी उभे होते. नेहमीप्रमाणे गाडीपाशी न करमल्याने ते चालत आले होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"ते नंतर. आधी सगळ्यांना मागे घ्या. ज्या पावलांवरून आलात त्याच पावलांनी."

अंडी नेमकी कुठे आहेत ते टिटवी बसेल तिथेच कळणार होते, पण माणसांसमोर ती अंड्यांवर बसत नाही. माणसे हटली तरच बसते. गाडीला मात्र ती फारशी घाबरत नाही. म्हणून ताईंनी भाऊजींना त्यांच्याच जागी, गाडीत बसवले, स्वतः शेजारी बसल्या आणि बाकीच्यांना गाडीमागे उभे केले. मग पट्टा डोक्यावरून काढून मला भाऊजींच्या हातात दिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी मला उलटे धरले.

"अगं, सगळं मैलभर लांब गेलं!"

"उलटी आहे ती. फिरवा. हं. ओरडणारीच्या मागे धावू नका. जमिनीवर गुपचूप चालणारी आहे का बघा, आणि सापडली की हलू नका."

हलू नका, असे भाऊजींना सांगायचे! त्यांचे हात असे कापत होते की तळे, आभाळ आणि गोटे यांची माझ्या आत खिचडी झाली. मग त्यांनी कोपरे समोरच्या स्टिअरिंगवर टेकवली, बसमध्ये आयुष्यभर धरले तशाच चाकावर, आणि श्वास रोखला. हळूहळू सगळे स्थिर झाले. गोट्यांतून एक टिटवी निघाली. चार पावले चालली, थांबली, मान वळवली. पुन्हा चालली. भाऊजींच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला, पण माणूस हलला नाही.

"बसली," ते कुजबुजले. "बसली गं! पोटाखाली काहीतरी सारखं केलं आणि बसली."

"कुठे?"

"तो लाल डबा पडलाय ना, त्याच्या अलीकडे. एक बस उभी राहील एवढ्या अंतरावर."

गाडीमागून डॉक्टर वाकून बघत होते. ते जिथून माघारी फिरले होते, त्याच्या अगदी पुढ्यातच ती जागा होती. "माझा पुढचा पाय तिथेच पडला असता," ते म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावले.

परतीच्या वाटेवर सगळे उतरून गेल्यावर भाऊजी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत."

भाऊजींनी गाडी घराकडे वळवली. "बसवलं असतं," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कपाटात काढले. अंधार, ओल, डांबराच्या गोळ्यांचा वास. बाहेर चंडोल चढत असतील आणि मी इथे कोंडलेली! माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशीचा ठिपका धरला, तो तेव्हाचाच. एक दिवस डॉक्टर घरी आले, माफी मागायला. ताईंनी मला बाहेर काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "ही तुम्ही घेऊन जा. माझ्या काय कामाची आता?" डॉक्टर मला हातात घेऊन अवघडून उभे राहिले.

"ओ डॉक्टर, कुठे निघालात घेऊन?" स्वयंपाकघरातून भाऊजी हात पुसत आले. "मी अजून शिकतोय तिच्यावर." आणि मला काढून घेत ते ताईंना म्हणाले, "मी बघतो, तू ओळख. मला नावं येत नाहीत, तुला दिसत नाही. चालेल ना?"

रविवारी ताई गाडीत बसल्या.

तेव्हापासून माझे फारच हाल आहेत. भाऊजी मला ओढतात, झाडावर आपटतात, चाक भलतीकडे फिरवतात. आणि त्यांचे वर्णन काय विचारता! "तपकिरी आहे. शेपटी खालीवर करतोय, तुझी बहीण रागावली की मान हलवते ना, तस्सा." ताई आधी बहिणीच्या बाजूने भांडतात आणि मग नाव सांगतात. टोळीतली माणसे आता पक्ष्यांइतकीच या दोघांना ऐकायला येतात. एका सकाळी तळ्याकाठी भाऊजी ओरडलेच, "अगं, पिल्लं! कापसाच्या गोळ्यांना पाय फुटलेत!" "किती आहेत?" "उभी राहतील तर मोजू ना!" ताई इतक्या हसल्या की त्यांना गाडीला टेकावे लागले, आणि मग त्या हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, आता माझे कातडे सुटले आहे, ठिपकाही वाढतो आहे. माझ्यासारखी कोणी तुमच्या घरात असेल तर तिला ओलीत कोंडू नका. मऊ फडक्याने पुसा आणि उजेडात बाहेर न्या. आणि घरातल्या कोणाला दिसेनासे झाले असेल, तर त्यांना घरी ठेवून जाऊ नका. शेजारी बसवा आणि समोर काय चालले आहे ते सांगत राहा. नावे येत नसली तरी सांगा. चुकलात तर चुकलात. ते दुरुस्त करतील.