वखराचा नवस

साता समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आणि दर्यापूरच्या नत्थुजींची झोप उडाली. वाचणाऱ्याला हे नातं लांबचं वाटेल, पण ते अगदी सरळ होतं. तिकडचा कापूस विलायतेत पोचेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला म्हणून नत्थुजींच्या घरी पैसा आला, आणि पैसा आला म्हणून त्यांनी काम सोडलं. शेत आता सालदार गडी पाहत. नत्थुजी ओसरीत गादीवर बसून पान खात. गादी घरच्याच कापसाची होती आणि इतकी जाड, की तिच्यातून बाहेर यायला कुणाचा तरी हात धरावा लागे.

ही मालकी त्यांना शिकवली होती त्यांच्या इवायानं, म्हणजे लेकीच्या सासऱ्यानं. अकोल्याच्या चंद्रभानजींनी लग्नातच नत्थुजींच्या तळहातावरचे घट्टे पाहिले आणि चारचौघांत म्हणाले, "इवाई, हे हात आता झाका. मालकानं वखर धरला का लोक म्हनतात, बुडाला!" चंद्रभानजीही कापसाच्या भावानंच मालक झाले होते; फक्त जरा आधी. 'बुडाला' हा शब्द अकोल्यात फिरला तर लेकीला सासरी मान खाली घालावी लागेल, म्हणून नत्थुजींनी बैलांमागं वखर हाकणं बंद केलं.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागेना. डोकं जड, छातीत धडधड, अन्न गोड लागेना. कुणी वाईट बोललं तर राग येई, चांगलं बोललं तर जास्त येई. बैलानं शेपटी हलवली म्हणून एकदा ते बैलाशी भांडले. अमरावतीच्या वैद्यबुवांनी नाडी पाहिली, माथ्याला चोळायला तेल दिलं आणि सांगितलं, "विश्रांती घ्या." नत्थुजी घरी येऊन आणखी विश्रांती घेऊ लागले. उरलीसुरली झोपही गेली.

त्यात बायकोचं, मनकर्णाबाईंचं घोरणं! मालकिणीनं दळू नये म्हणून नत्थुजींनी घरचं जातं बंद करून दळणवाली लावली होती. तरी बाई पाठ टेकली की सुरू. एक दिवस उलगडा झाला. बाई पहाटे शेजारच्या गोदाबाईकडे जाऊन तिचं दळण दळत होत्या.

"लोकाइचं पीठ दळतं तू?"

"मंग काय करू? घरी दळू देत नाई, अन् दळलं नाई तं अंग आंबते माह्यं."

"लोक काय म्हनतीन?"

"त्या वक्ती लोक झोपेल रायतात. जागे फक्त तुमी."

नत्थुजींना हे बोलणं फार लागलं, कारण ते खरं होतं.

चैत्रात उन्हाळी वखरणी सुरू झाली. मालकानं देखरेख करायला हरकत नसते, म्हणून नत्थुजी शेतावर गेले. बैल सोडलेले. निंबाखाली पुंजाराम सालदार उशाला धोंडा घेऊन पडला होता. तोंड उघडं, ओठावर माशी. माशीलाही घाई नव्हती.

"पुंज्या! कसा झोपतं बे तू?"

पुंजाराम दचकून उठला. "कोन, मी? झोपलो नोयतो मालक. डोये मिटले होते."

"तुले बोलून नाई राहिलो, इचारून राहिलो. झोप येते कशी?"

पुंजारामनं बराच विचार केला. "आडवा होतो मालक. मंग तुमी उठवता."

यातून काही निघेना. नत्थुजींनी ठरवलं, गुण सामानातच असला पाहिजे. पुंजारामचा धोंडा त्यांच्या गादीवर आला. मग त्याची गोधडी आली. मग त्याच्या फडक्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचाही आला. शेवटी नत्थुजी जाऊन निंबाखाली त्याच्या जागेवरच आडवे झाले. पुंजारामचं सगळं घेऊन झालं. काम तेवढं त्यालाच ठेवलं. धोंड्यानं मान धरली, ठेच्यानं छाती जाळली. आणि सकाळपासून राबलेला पुंजाराम, ना उशी ना गोधडी, उघड्या ढेकळांवर पडून शिट्ट्या मारत घोरत होता.

आता मात्र नत्थुजींचं डोकं फिरलं. "घोर लेका! मालक मेला तरी घोर!" म्हणत त्यांनी बैल जुंपले आणि वखर धरला. हे शहाणपण नव्हतं, निव्वळ चीड होती. एका तासात वैद्याला शिव्या, दुसऱ्या तासात इवायाला, तिसऱ्यात त्या लढाईवाल्यांना. औत वाकडं चाललं. सदरा पाठीला चिकटला, मऊ पडलेल्या तळव्यांना फोड आले. शिव्या संपल्या तेव्हा बैल थांबवून ते निंबाशी आले, घोटभर पाणी प्यायले आणि पागोटं काढायला बसले. पागोटं अर्धंच निघालं. तेवढ्यात झोप लागली.

मनकर्णाबाई जेवण घेऊन आल्या आणि भाकरीची टोपली तशीच धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याचा हा चेहरा त्या विसरल्याच होत्या. एवढ्यात घुंगरं वाजली. चंद्रभानजींची बैलांची दमणी बांधावर थांबली. उतरतानाच ते गाडीवानावर खेकसले, मग दमणीच्या चाकावर. मग त्यांना इवायाचे फोड आलेले हात दिसले.

"ईनबाई, हे काय? इवायानं वखर धरला? बुडाले का काय?"

बाईंच्या डोळ्यापुढं अकोल्यातली लेक आली. नवऱ्याला हलवून उठवावं म्हणून त्या वाकल्या, आणि हात मागं घेतला.

"बुडतीन काहून? नवस हाये त्याइचा. आपल्या हातानं वखर हाकीन म्हनून."

"काहाचा नवस?"

"झोपेचा."

"कोन्या देवाले?"

"मारोतीले," बाई म्हणाल्या. मारोती नाही म्हणायला येणार नव्हता.

चंद्रभानजी झोपलेल्या इवायाकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे तांबारलेले होते, खाली काळी वर्तुळं होती. मग त्यांनी गाडीवानाकडे पाठ केली आणि आवाज उतरवला.

"ईनबाई, तुमच्या मारोतीले अकोल्याचा मानूस चालते का?"

"चालते न. पुंजारामले उठवू का, बैल धराले?"

"नोका उठवू कोनाले," चंद्रभानजी घाईनं म्हणाले, आणि रेशमी धोतर वर खोचत बैलांकडे निघाले.